जागल धुऱ्यावर, चावी घरात: सरकारी सायबर सुरक्षा आणि आपली खासगी माहिती

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना एक आदेश दिला. भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप कारखान्यातूनच टाकून यावं, मुदत ९० दिवस. चोरीचे फोन, बनावट आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि ऑनलाइन फसवणूक रोखण्यासाठी हे हवं, असं सरकारचं म्हणणं होतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की आज ॲप सक्तीचं झालं तर उद्या त्याच ॲपला फोनमधलं आणखी काय काय बघता येईल हे आपल्या हातात राहणार नाही. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

त्या आठवड्यात गावच्या पारावर आणि सेतू केंद्रासमोरच्या रांगेत दोन वाक्यं ऐकू येत होती. एक, “चोर पकडायला ॲप टाकलं तर बिघडलं काय?” आणि दुसरं, “आता सरकार आपलं व्हॉट्सॲप वाचणार.” पहिल्यामागची गरज खरी आहे, दुसऱ्यामागची भीतीही खरी आहे. घोळ एवढाच, की दोन अगदी वेगळ्या कामांना आपण ‘सायबर सुरक्षा’ हे एकच नाव देऊन बसलो आहोत. ती दोन कामं आधी वेगळी करू.

राखण आणि पाळत

हरभरा भरला की रानडुकरं आणि रोही यांच्यापायी रात्रीची जागल लागते. जागलीला गेलेला माणूस धुऱ्यावर किंवा मचाणावर बसतो. बॅटरी मारतो, डबा वाजवतो, तार तुटली असेल तर बांधतो. त्याला वावराची हद्द माहीत असावी लागते. तुमच्या घरातल्या पेटीत काय आहे, हे त्याला माहीत असायची गरज नसते.

सायबर सुरक्षा म्हणजे संगणक, फोन, त्यांना जोडणारं जाळं आणि त्यातली माहिती चोरी, मोडतोड आणि बंद पडणं यांपासून राखणं. ही राखण. दुसरं काम म्हणजे कोण कोणाशी बोलतो, काय बोलतो, कुठे जातो यावर नजर ठेवणं. ही पाळत. गुन्हा शोधायला कधीकधी पाळत लागते, ते कोणी नाकारत नाही. पण राखणीच्या नावाने पाळतीची परवानगी मागितली जाते, तेव्हा गफलत होते. कोणताही नवा नियम किंवा ॲप आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: याने कुलूप मजबूत होतंय, की खिडकी उघडली जातेय?

संचार साथीचंच बघा. त्याच्या पोर्टलवर चोरीला गेलेला फोन देशभर बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. आठवडी बाजारात जुना फोन घेताना तर याचा चांगला उपयोग आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ अंकी आयएमईआय दिसतो. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, मग एक मोकळी जागा, मग तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो क्रमांक खरा आहे की काळ्या यादीतला ते उत्तरात येतं. उत्तर विचित्र आलं तर फोन घेऊ नका, तो केव्हाही बंद पडू शकतो. हे सगळं ॲप न टाकता, संकेतस्थळ आणि एसएमएसवर होतं. म्हणजे राखणीसाठी सेवा पुरेशी होती, आणि वाद फक्त सक्तीचा होता.

सरकारने राखायचं ते काय?

एका कास्तकाराची किती माहिती सरकारी संगणकांत आहे ते मोजून बघा. सातबारा आणि आठ-अ. ई-पीक पाहणीत काढलेला पिकाचा फोटो आणि तो कुठे काढला ते ठिकाण. महाडीबीटीवरचे अर्ज. आधार आणि जमीन जोडून तयार झालेला शेतकरी ओळख क्रमांक. पीकविमा, पीएम किसानचे हप्ते, रेशनच्या ई-पॉस मशीनवर लागलेला अंगठा, सरकारी दवाखान्यातला केस पेपर, पोरांची शिष्यवृत्ती. यातला प्रत्येक साठा कोणत्या तरी सर्व्हरवर आहे. सर्व्हर म्हणजे मागणी येईल तशी माहिती काढून देणारा मोठा संगणक.

हे साठे फुटले किंवा बंद पडले की काय होतं, त्याचं उदाहरण २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दिसलं. तिथे रॅन्समवेअर शिरलं. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फायली कुलूपबंद करून चावीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडीची नोंदणी, रक्ताचे अहवाल, सगळं कित्येक दिवस हाताने कागदावर करावं लागलं. सरकारने संसदेत सांगितलेलं कारण साधं होतं: जाळ्याचे कप्पे नीट वेगळे केलेले नव्हते.

याचा अर्थ सोयाबीनची गंजी लावणाऱ्याला लगेच कळेल. सगळा माल एकाच ठिकाणी लावला आणि ठिणगी पडली तर सगळंच जातं. म्हणून दोन गंज्यांत अंतर ठेवतात, जिनिंगमध्येही कापसाच्या ढिगांमध्ये मोकळी वाट ठेवतात. संगणकाच्या जाळ्यातही तसंच. नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक आणि रुग्णांच्या मूळ साठ्याचा सर्व्हर यांच्यामध्ये ‘वाट’ हवी, म्हणजे एका संगणकावर चुकीची फाईल उघडली गेली तरी आग तिथेच थांबते. या उपायात कोणाचाही खासगी निरोप वाचावा लागत नाही. आणि सरकारी सायबर सुरक्षेतलं बहुतेक काम असंच असतं, कंटाळवाणं आणि न दिसणारं: कप्पे पाडणं, प्रोग्राम वेळेवर अद्ययावत करणं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणं, माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणं.

देशपातळीवर अशा घटनांवर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे सर्ट-इन. ती २००४ पासून काम करते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली तिला अधिकार आहेत. २८ एप्रिल २०२२ ला तिने काढलेले निर्देश या विषयातल्या ताणाचा चांगला नमुना आहेत, कारण त्यात राखण आणि पाळत शेजारी शेजारी बसली आहे. हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, हा नियम राखणीचा. कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी लॉग १८० दिवस जपून ठेवावेत, हाही बराचसा राखणीचा. लॉग म्हणजे संगणकाचं आवक-जावक रजिस्टर: कोण केव्हा आत आलं, काय उघडलं, केव्हा गेलं. चोरी झाल्यावर पायखुणा याच रजिस्टरात सापडतात.

पण त्याच निर्देशांत असंही होतं, की व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, सेवा घेण्याचं कारण हे सगळं ५ वर्षं साठवावं. व्हीपीएन म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा प्रवास झाकणारा बोगदा. बँका आणि कार्यालयं तो वापरतात, पत्रकार वापरतात, ठगही वापरतात. ‘आम्ही नोंद ठेवत नाही’ याच शब्दावर धंदा करणाऱ्या काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी त्या वर्षी भारतातले सर्व्हर बंद केले आणि बाहेरून सेवा देणं सुरू केलं. नियमाचा हेतू काहीही असो, झालं असं की कायदा पाळणाऱ्या ग्राहकांची माहिती साठली आणि ज्याला लपायचं तो परदेशातल्या सर्व्हरवर गेला.

“नुसती नोंदच तर ठेवतात, बोलणं थोडंच ऐकतात?”

हा प्रश्न नेहमी येतो. निरोपातला मजकूर सोडून उरलेल्या माहितीला मेटाडेटा म्हणतात: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ, कुठून.

गावात राहणाऱ्याला मेटाडेटाची ताकद समजावून सांगावी लागत नाही. अमुक माणूस रात्री नऊला सावकाराच्या ओसरीवर गेला, तासभर बसला, दुसऱ्या दिवशी तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दिसला. बोलणं कोणीही ऐकलं नाही, पण वावर गहाण पडलं हे गावाला संध्याकाळपर्यंत कळतं. फोनच्या नोंदी तेच करतात, फक्त लाखो लोकांच्या बाबतीत आणि वर्षानुवर्षं. रोज एड्स समुपदेशन केंद्राला लागणारा फोन, वकिलाला लागणारा फोन, आंदोलनाच्या आदल्या रात्री तिघांचे एकाच टॉवरखाली असलेले फोन. मजकूर न ऐकताही माणूस उघडा पडतो. म्हणून नोंद ठेवायचीच असेल तर किती दिवस, कोण बघणार आणि मुदत संपल्यावर ती पुसली जाते का, हे प्रश्न गौण नाहीत.

कुलूप, आणि सरकारला हवी असलेली दुसरी चावी

एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराला गणिताचं कुलूप लावणं. व्हॉट्सॲप आणि सिग्नल या निरोपाच्या ॲपवर ते ‘टोकापासून टोकापर्यंत’ असतं: पाठवणाऱ्याच्या फोनवर लागतं आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतं, मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. बँकेचं ॲप, यूपीआय, सातबारा डाउनलोड करायची साइट, सगळीकडे याच जातीची कुलपं आहेत.

पोलिसांची अडचण खोटी नाही. मुलं पळवणारे आल्याच्या अफवेने जमाव माणसं मारतो, तेव्हा ती अफवा कुठून सुटली हे शोधायला हवं. म्हणून २०२१ च्या आयटी नियमांत असं आलं, की मोठ्या निरोप-सेवांनी आदेश मिळाल्यास निरोपाचा मूळ पाठवणारा सांगितला पाहिजे. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी न्यायालयात सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर आम्हाला भारतातून जावं लागेल.

तांत्रिक पेच असा. उद्या कोणत्या निरोपाचा मूळ पाठवणारा विचारला जाईल हे आज माहीत नसतं. म्हणजे प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपावर खूण ठेवावी लागणार, अगदी “दूध आणलं का” यावरही. आणि एवढं करून हाती लागणारा मूळ पाठवणारा खरा मूळ असेलच असं नाही. फेसबुकवरचा फोटो कोणी भाबडेपणाने “सावध राहा” म्हणून गावच्या ग्रुपवर टाकला, तर त्या ॲपपुरता तोच पहिला ठरतो.

याहून पुढची मागणी असते मागच्या दाराची. बॅकडोअर म्हणजे कुलपाची एक जादा चावी, जी फक्त सरकारकडे राहील असं सांगितलं जातं. ऐकायला ते वाजवी वाटतं. पण ती फक्त सरकारकडे राहतच नाही.

विदर्भात दरवर्षी रानडुकरांसाठी तारेत सोडलेल्या करंटने माणसं मरतात, कधी वाघ मरतो, कधी तार लावणारा स्वतःच किंवा त्याचा शेजारी. तारेला हात डुकराचा की माणसाचा हे कळत नाही. मागच्या दाराचंही तसंच. गणिताला चावी पोलिसाच्या हातात आहे की चोराच्या, हे ओळखता येत नाही.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही, तीनदा घडून गेलेलं आहे. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या जाळ्यात कायदेशीर फोन टॅपिंगसाठी असलेली सोयच अज्ञात लोकांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभरेक लोकांचे फोन ऐकले. टॅप करणारे ते लोक पुढेही नीट सापडले नाहीत. अमेरिकेत २०२४ मध्ये उघड झालं, की चीनशी संबंधित असल्याचं सांगितलं जाणारी ‘सॉल्ट टायफून’ ही हॅकर टोळी मोठ्या फोन कंपन्यांत शिरली, आणि न्यायालयाच्या आदेशाने टॅपिंग करण्यासाठी बांधलेल्या यंत्रणेपर्यंत पोचली. त्यानंतर त्याच देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला: टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असलेलं ॲप वापरा.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला विंडोजमधलं एक भगदाड सापडलं होतं. दुसऱ्यांच्या संगणकात शिरायला कामाला येईल म्हणून त्यांनी ते बराच काळ कंपनीला सांगितलं नाही. पुढे ते हत्यारच चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये जगासमोर आलं. मे महिन्यात त्याच्या जोरावर ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर पसरलं, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडकली. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने तेच भगदाड वापरलं, आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कापसाच्या गाठी घेऊन जाणारे कंटेनर ज्या बंदरातून बाहेर पडतात, तेच हे बंदर. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली ते बरेचसे वाचले. भगदाड लपवून ठेवणं हे पाळतीच्या फायद्याचं होतं आणि बुजवणं राखणीच्या. दोन्ही एकाच वेळी साधता येत नव्हतं.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद नाही. सरकारला त्यात हात घालता येतो, पण त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूला लागेल तेवढाच हवा. शिवाय गैरवापर रोखायची सोय हवी.

पाळतीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. त्याखाली २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने १० केंद्रीय यंत्रणांची नावं जाहीर झाली. प्रत्येक वेळी मंजुरी केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवाची लागते. २००९ च्या नियमांप्रमाणे आदेश एका वेळी ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे नाही. दर दोन महिन्यांनी एक समिती हे आदेश तपासते.

कागदावर हे बरं दिसतं. अडचण समितीत आहे. केंद्रातल्या समितीवर कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव असतात. आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिव, न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कधी कळवलं जात नाही, म्हणजे तो दादही मागू शकत नाही. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून जवळजवळ बाहेर काढण्यात आलं. एखाद्या संस्थेच्या गुप्त तपासाचा तपशील देऊ नये हे समजण्यासारखं आहे. पण वर्षात किती सरकारी साठे फुटले आणि लोकांना कळवलं का, एवढं तर विचारता यायला हवं.

खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती नीट न राखणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु कलम १७ प्रमाणे केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षेच्या कारणाने या कायद्यातून सूट देऊ शकतं. ज्याच्याकडे सगळ्यात मोठे साठे आहेत त्यालाच कुंपणाबाहेर ठेवायची ही सोय आहे, आणि या कायद्यातली ही सगळ्यात कच्ची जागा वाटते.

“पण माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?”

लपवण्यासारखं नसेल, पण चोरण्यासारखं नक्की आहे. अनुदान कोणत्या तारखेला, किती, कोणत्या बँकेत जमा झालं हे ज्याला कळलं, तो त्याच दिवशी फोन करून “साहेब, तुमच्या हप्त्यात चूक झाली, एक ओटीपी येईल” म्हणतो. खरा आकडा ऐकला की माणसाचा विश्वास बसतो. खासगीपणा म्हणजे काही काळं धन झाकणं असं नाही. कर्ज किती, आजार कोणता, मुलीचं स्थळ कुठे चाललंय, हे कोणाला सांगायचं ते आपण ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

“गुन्हेगार पकडायचे कसे मग?”

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे नक्षलवाद्यांनी मोबाइल टॉवर जाळले, तिथे सुरक्षा हा पोकळ शब्द नाही. पण संशयिताच्या मागे जाणं आणि सगळ्यांच्या मागे जाणं यांत फरक आहे. ठरावीक माणसाविरुद्ध आदेश काढून त्याच्या फोन नोंदी घेता येतात, बँकेतला पैशाचा माग काढता येतो, जप्त केलेला फोन तपासता येतो. सायबर फसवणुकीत तर आरोपी बहुतेकदा पैशाच्या मागावरच सापडतात: भाड्याने दिलेली बँक खाती, दुसऱ्याच्या नावावरची सिमं, एटीएमचे कॅमेरे. यासाठी सर्वांचं कुलूप मोडावं लागत नाही.

“गूगल-फेसबुकला सगळं माहीत आहे, मग सरकारचंच वावडं का?”

कंपन्यांची हाव हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण फेसबुक सोडता येतं, रेशन कार्ड सोडता येत नाही. कंपनी तुम्हाला जाहिरात दाखवेल. सरकार अनुदान थांबवू शकतं, गुन्हा दाखल करू शकतं, इंटरनेटच बंद करू शकतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगलीनंतर इंटरनेट बंद झालं होतं. अशा वेळी अफवेबरोबर यूपीआय आणि ऑनलाइन अर्जही थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगून ठेवलंय, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत असता कामा नयेत.

अंगठा बदलता येत नाही

दिल्लीच्या वादाइतकीच गावातली गळती महत्त्वाची आहे, आणि तिथे बरंच आपल्या हातात आहे.

गावोगावी बँक मित्राकडे आधार क्रमांक आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात. एका व्यवहाराला कमाल १०,००० रुपये, ओटीपी नाही. म्हाताऱ्या माणसांना ही सोय मोठी आहे. पण काही राज्यांत पोलिस तपासात उघड झालं, की खरेदीखतांवरच्या अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून पैसे काढले गेले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा जन्मभर तोच. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेने २०२३ पासून बोट जिवंत आहे की नक्कल हे तपासायला सुरुवात केली, तरी स्वतःचं कुलूप लावलेलं बरं.

ते असं लावायचं. ‘एमआधार’ ॲप किंवा ‘मायआधार’ साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपीने आत जा, ‘लॉक बायोमेट्रिक्स’ निवडा. त्यानंतर कोणत्याही मशीनवर अंगठा, डोळा, चेहरा चालत नाही, ३३० क्रमांकाची त्रुटी येते. रेशन घ्यायचं असेल तेव्हा त्याच ठिकाणी जाऊन तात्पुरतं उघडा, थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा बंद होतं. इथे लोक एक चूक करतात. आजीचं कुलूप नातू लावून देतो, पुण्याला परत जातो, आणि इकडे रेशन दुकानात अंगठा लागत नाही. आधारला जोडलेला मोबाइल ज्याच्या हाताशी नाही किंवा जो महिन्यातून चारदा अंगठ्यावर पैसे काढतो, त्याने हे कुलूप विचार करूनच लावावं. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: त्याच साइटवर गेल्या ६ महिन्यांत आधार कुठे कुठे वापरला गेला ते दिसतं. महिन्यातून एकदा बघा. आपण केली नाही अशी नोंद दिसली तर आधारच्या १९४७ क्रमांकावर आणि बँकेत तक्रार द्या.

सेवा केंद्रावर आधारची पीडीएफ काढली की तिचा पासवर्ड असतो इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव आणि वय गावात सगळ्यांनाच माहीत. म्हणून केंद्रातून निघण्याआधी ती फाईल डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही पुसायला सांगा. फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तो निरोपही पुसायला लावा. जिथे चालतं तिथे ‘मास्क्ड’ आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवं लिहा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून टाकलेलं ॲप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तुम्ही ‘हो’ म्हटलं की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी ठगाला पोचतो, आणि तुमच्याच नावाने तीच फाईल ग्रुपवर पुढे जाते. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, त्याचा फोन आधीच गेलेला असतो. बहुतेक सरकारी साइटचा पत्ता टिंब जी-ओ-व्ही टिंब आय-एन यावर संपतो. त्यानंतर आणखी टिंब आणि अक्षरं आली तर ती साइट सरकारी नाही.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, कोणाच्याही मोबाइलवरून. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. तक्रार आली की पैसा ज्या बँकेत गेला तिला ती रक्कम गोठवायला कळवलं जातं. पैसा पुढे सरकला असेल तर पुढच्या बँकेला. ठग अर्ध्या तासात चार खाती फिरवतात, म्हणून आधी शेजाऱ्याला विचारू, मग पोलिस पाटलाला भेटू, असं करत वेळ घालवू नका. स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही.

ग्रामपंचायतीचा संगणक

ग्रामसभेत विचारायला हवेत असे काही प्रश्न आहेत. दाखल्यांच्या संगणकावर विंडोज कोणतं आहे? विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, ७ ची तर जानेवारी २०२० मध्येच. त्यानंतर सापडणारी भगदाडं त्यावर उघडीच राहू शकतात. ग्रामपंचायत अधिकारी आणि ऑपरेटर एकाच लॉगिनवर काम करतात का? करत असतील तर उद्या चुकीचा दाखला निघाला तेव्हा तो कोणी काढला हे लॉगमध्ये कळणार नाही. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे का? जन्म-मृत्यूच्या आणि करवसुलीच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे का, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवतात का? ती कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर मूळ फायलीबरोबर प्रतही कुलूपबंद करतं. लाभार्थ्यांची यादी भिंतीवर किंवा ग्रुपवर लावताना त्यात पूर्ण आधार क्रमांक आणि खाते क्रमांक का आहेत? नाव, योजना आणि रक्कम लोकांनी बघायलाच हवी, तो पारदर्शकतेचा भाग आहे. आधार आणि खात्याचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकायला ऑपरेटरला दहा मिनिटं लागतात.